शुगर कुणाच्या घरची? : टाइप वन, जीन्स आणि आमच्या घरातलं भांडण

(चाकूरला कॉलेजच्या मुलामुलींसमोर झालेलं हे बोलणं. रेकॉर्डिंग ऐकून उतरवलंय. बोलीतले शब्द मुद्दाम तसेच ठेवलेत.)

मागं आवाज येतोय का? हात वर करा बरं. हां, येतोय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. लातूरला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातला लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, रक्त घ्यायचं, दुपारी रिपोर्ट काढायचे, संध्याकाळच्या गाडीनं चाकूर. पण आज मी इथं उभी आहे ती लॅबवाली म्हणून कमी आणि बहीण म्हणून जास्त.

मागच्या वर्षी मला बघायला एक स्थळ आलं होतं. पोहे झाले, चहा झाला, पगार विचारून झाला. मुलगा बरा होता खरं तर. मग मुलाच्या मावशीनं कप खाली ठेवला आणि आईला विचारलं, "तुमच्या ल्हान्या पोराला शुगर हाय म्हणं? इंजेक्शनं घेतंय म्हणं? मंग ते पोरीच्या पोटी बी येत आसंल की."

कुणीच काही बोललं नाही. आई ट्रे धरून उभी होती, ती तशीच आत गेली. आणि मला, जी रोज शंभर लोकांच्या शुगरचे रिपोर्ट काढते, मला त्या बाईंना द्यायला उत्तर नव्हतं. राग आला होता, पण उत्तर नव्हतं. येतं का पोटी? किती येतं? कुणाकडून येतं?

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले. जे सापडलं ते आज सांगते.

पण आधी भावाचं सांगते, नाहीतर कळणार नाही. २०१४ सालची गोष्ट. तो नऊ वर्षांचा होता. उन्हाळा संपत आलेला, त्यामुळं पोरगं सारखं पाणी पितंय यात कुणाला काही वाटलं नाही. रात्री दोन-तीनदा उठायला लागला. मग अंथरूण ओलं करायला लागला, नऊ वर्षांचा पोरगा. बाबा रागावले. आजी म्हणायची, "पोरगं लई वाळायलंय बघ, नजर लागली." चड्डी कमरेवर राहीना. आईनं एक दिवस बघितलं की तो जिथं लघवीला बसतो तिथं मोरीत मुंग्यांची रांग लागलीय. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना हे हजारो वर्षांपासून ठाऊक होतं, मुंग्या येतात म्हणजे लघवीत साखर आहे. आम्हाला घरात मुंग्या म्हणजे फक्त मुंग्या वाटल्या. आईनं पावडर टाकली.

मग उलट्या सुरू झाल्या. एका ठिकाणी नेलं, पोट बिघडलंय म्हणून सलाईन लावलं. ते साखरेचं सलाईन होतं हे नंतर कळलं. संध्याकाळी तो धापा टाकायला लागला, आणि तोंडाला एक वास, पिकून उतरलेल्या फळासारखा. जीप करून लातूरला नेलं. तिथल्या सिस्टरनी बोटाला टोचलं, मीटरवर आकडाच आला नाही. इंग्रजीत 'हाय' आलं. मला वाटलं मशीन नमस्कार करतंय. हसू नका, मी तेव्हा शाळेत होते. त्याचा अर्थ, साखर इतकी आहे की मला मोजता येत नाही.

पोरगं वाचलं. चार दिवस आयसीयूत होतं. डॉक्टर म्हणाले टाइप वन, आयुष्यभर इन्सुलिन. आणि घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आत्या आईला म्हणाली, "तुझ्या बापाला शुगर व्हती की. तुझ्या माहेरचं रगत हाय हे."

आईनं ते वाक्य दहा वर्षं पोटात ठेवलं. मला मागच्या वर्षी कळलं, त्या मावशीबाई गेल्यावर.

तर आता विज्ञान. इथं नीटची तयारी करणारे किती आहेत? लातूर जिल्हा आहे, अर्धे तरी असणारच. तुम्हाला सोपं जाईल, बाकीच्यांनीही घाबरू नका.

पहिली गोष्ट, आजोबांची शुगर आणि भावाची शुगर हे दोन वेगळे आजार आहेत. नाव एक पडलंय म्हणून घोटाळा. आजोबांचा टाइप टू. त्यात शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते नीट काम करत नाही, हळूहळू पुरेनासं होतं. टाइप वनमध्ये आपलीच रोगप्रतिकार यंत्रणा स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, मारून टाकते. आपलेच शिपाई आपल्याच घरावर चालून जातात. गोड खाऊन होत नाही, चॉकलेटनं होत नाही, नजरेनं तर नाहीच. दोन्ही आजारांमागची जीन्सही बहुतेक वेगळी आहेत. त्यामुळं आत्याचं वाक्य तिथंच पडतं. आजोबांचा यात काही संबंधच नाही.

मग टाइप वनची जीन्स कुठली? १९७४ साली डेन्मार्कमध्ये यॉर्न नेरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की लहानपणी इन्सुलिन लागणाऱ्या पेशंटांमध्ये काही विशिष्ट एचएलए प्रकार जास्त सापडतात. ही एचएलए जीन्स सहाव्या गुणसूत्रावर असतात. तुम्ही हे नाव ऐकलं असेल ते बोन मॅरोच्या वेळी. भावाचं बहिणीला 'मॅच' होतं का बघतात ना, ते एचएलएच बघतात.

हे एचएलए करतं काय? मोंढ्यात सोयाबीन विकायला गेलात कधी? व्यापारी सगळं पोतं ओतून बघत नाही. टोकदार नळी पोत्यात खुपसतो, मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो आणि खरेदीदाराला दाखवतो. एचएलए म्हणजे तो तळहात. आपल्या काही पेशी आत-बाहेर जे प्रोटीन सापडेल त्याचा बारीक तुकडा या तळहातावर ठेवून टी-पेशींना दाखवतात. हे बघ, हा आपला माल. हे बघ, हा जंतूचा. टी-पेशी ठरवते हल्ला करायचा का नाही.

आणि प्रत्येकाचा तळहात सारखा नसतो. एचएलएइतकी विविधता माणसाच्या फार थोड्या जीन्समध्ये आहे. कुणाच्या तळहाताची खोबण अशी, कुणाची तशी. कुणाच्या हातात एक तुकडा घट्ट बसतो, कुणाच्या हातातून तोच घसरतो.

आता ट्रेनिंग. आपल्या चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र आहे, सगळ्यांना माहितीय. जवानाला बंदूक द्यायच्या आधी आपला कोण आणि परका कोण हे शिकवतात. टी-पेशींचं असं ट्रेनिंग थायमसमध्ये होतं, छातीच्या हाडामागं ती ग्रंथी असते. तिथं त्यांना शरीराचेच तुकडे तळहातावर ठेवून दाखवतात. जी टी-पेशी आपल्याच तुकड्यावर चवताळून धावते तिला तिथंच संपवतात. पण समजा, इन्सुलिनचा तुकडा तुमच्या तळहातावर नीट बसतच नाही, सारखा घसरतो. तर ट्रेनिंगमध्ये तो तुकडा कुणाला धड दिसतच नाही, आणि इन्सुलिनवर धावून जाणारा एखादा शिपाई पास होऊन बाहेर पडतो. असं होत असावं असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. पूर्ण उलगडा अजून झालेला नाही.

एक गोष्ट मला वाचताना फार भारी वाटली. या एचएलएमधला डीक्यू नावाचा जो भाग आहे, त्याच्या बीटा साखळीत ५७ व्या जागी कुठलं अमिनो आम्ल आहे यावर बरंच अवलंबून असतं. तिथं अॅस्पार्टिक आम्ल असेल तर बहुतेक वेळा संरक्षण, नसेल तर धोका. जॉन टॉड, जॉन बेल आणि ह्यू मॅकडेव्हिट यांनी १९८७ मध्ये हे मांडलं. एवढ्या मोठ्या प्रोटीनमधली एक जागा! नेहमीच तसं घडतं असं नाही, अपवाद आहेत. पण नीटवाल्यांनो, अमिनो आम्लं पाठ करताना कंटाळा येईल तेव्हा हे आठवा.

आता भांडणाच्या मुद्द्याकडं येते. ही जीन्स सुटी सुटी येत नाहीत, एक अख्खा गठ्ठा येतो. एक गठ्ठा वडिलांकडून, एक आईकडून. पत्त्यांसारखं समजा. बाबांच्या हातात दोन पत्ते, आईच्या हातात दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक मिळतो. टाइप वनच्या बाबतीत दोन पत्ते बदनाम आहेत, डीआर३ आणि डीआर४. डीआर४चे सगळे पोटप्रकार सारखे नाहीत, पण ढोबळमानानं धरा. आणि सगळ्यात जास्त धोका कुणाला? ज्याच्याकडं दोन्ही आहेत. एका बाजूनं ३, दुसऱ्या बाजूनं ४.

समजलं का मी काय म्हणतेय? ही जोडी जमायला दोन घरं लागतात. एक पत्ता माहेरचा, एक सासरचा. आईकडं डीआर३ असेल आणि ती ठणठणीत, बाबांकडं डीआर४ असेल आणि तेही ठणठणीत. पोराच्या हातात दोन्ही येऊन पडले. माझ्या भावाची एचएलए तपासणी आम्ही केलेली नाही, त्यामुळं त्याच्याकडं नेमकी हीच जोडी आहे असं मी म्हणणार नाही. पण 'तुझ्या माहेरचं रगत' हे वाक्य उच्चारायला जीवशास्त्रात जागाच नाही.

याच गठ्ठ्यांमध्ये वाचवणारेही असतात, बरं का. डीआर१५ सोबत येणारा डीक्यूचा एक प्रकार आहे, तो असेल तर टाइप वन फार क्वचित होतो. त्याबद्दल कुणी सुनेला शाबासकी देत नाही.

बरं, दोन्ही बदनाम पत्ते आले म्हणजे आजार होणारच? नाही. तिकडं युरोप-अमेरिकेत जन्मापासून मुलांवर लक्ष ठेवून बघितलंय. डीआर३ आणि डीआर४ दोन्ही असलेल्या साधारण वीस मुलांतल्या एकाला लहानपणात टाइप वन होतो. एकोणीस जणांना होत नाही! दिसायला अगदी सारख्या जुळ्या भावंडांत, ज्यांची जीन्स शंभर टक्के तीच, तिथंही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही.

म्हणजे जीन्सशिवाय आणखी काहीतरी लागतं. फिनलंड आणि रशियाच्या सीमेवर करेलिया नावाचा भाग आहे. आपलं उदगीर आणि बीदर समजा, मधून राज्याची रेघ गेलेली पण माणसं पाहुण्यारावळ्यांची. करेलियाच्या दोन्ही बाजूंच्या मुलांची एचएलए बरीच मिळतीजुळती. पण फिनलंडच्या बाजूला टाइप वनचं प्रमाण रशियाच्या बाजूपेक्षा जवळजवळ सहापट. कशामुळं? विषाणू, आतड्यातले जंतू, राहणीमान, बऱ्याच गोष्टींवर संशय आहे, आरोपी अजून पकडला गेलेला नाही. एवढं नक्की की एका पिढीत रेघेच्या अलीकडची जीन्स बदलत नसतात.

"हे सगळं गोऱ्यांचं झालं, आपलं काय?" असा प्रश्न मलाही पडला. तर पुण्यात यावर काम झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. गिरिराज चांडक आणि इंग्लंडच्या एक्झिटर विद्यापीठातले लोक यांनी मिळून २०२० मध्ये एक अभ्यास छापला. पुण्यातले टाइप वनचे २६२ पेशंट, शिवाय टाइप टूचे पेशंट आणि निरोगी माणसं. युरोपातल्या लोकांवरून बनवलेला जीन्सचा एक स्कोअर, नऊ जागा तपासून काढलेला, तो आपल्या माणसांवर चालतो का, हा प्रश्न.

चालला. थोडा कमी, पण चालला. टाइप वनचा एक पेशंट आणि टाइप टूचा एक पेशंट असे डोळे मिटून उचलले, तर १०० पैकी साधारण ८४ वेळा टाइप वनवाल्याचा स्कोअर जास्त निघतो. युरोपियनांत हाच आकडा ८७. आणि त्या स्कोअरमध्ये आपल्याकडंही सगळ्यात जास्त वजन एचएलएचंच.

याचा उपयोग काय, तर आपल्याकडं टाइप टू पण लवकर होतो, आणि अंगानं बारीक असलेल्यांनाही होतो. युरोपात बारीक, विशी-बाविशीतला पेशंट आला की डॉक्टरला टाइप वनची शंका लगेच येते. आपल्याकडं तसं नाही. बावीस वर्षांचा सडपातळ पोरगा, शुगर ३५०. टाइप वन का टाइप टू? चुकून टाइप टू म्हणून गोळ्यांवर ठेवला आणि निघाला टाइप वन, तर माझ्या भावासारखा धापा टाकत दवाखान्यात येईल. उलटं झालं, तर गरज नसताना आयुष्यभर सुया. अशा वेळी आज मुख्य आधार म्हणजे अँटिबॉडीच्या तपासण्या आणि सी-पेप्टाइड. त्यांच्या जोडीला असा जीन्सचा स्कोअर उद्या कामाला येऊ शकतो. तुमच्या वयाचं कुणी असेल आणि गोळ्या घेऊनही शुगर उतरत नसेल, वजन घटत असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "सर, हा टाइप वन तर नाही ना?" विचारायला पैसे लागत नाहीत.

जाता जाता एक. हा डीआर३वाला गठ्ठा सिलिअॅक नावाच्या आजारातही सापडतो. त्यात गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही. म्हणून टाइप वनच्या मुलांची सिलिअॅकची आणि थायरॉइडची तपासणी करतात. भावाची पण केली, निघाला नाही. आजीला समजावून सांगितलं की ज्वारीत ग्लुटेन नसतं, तर ती म्हणाली, "मी तेच सांगायले कवापासून, भाकर खावा." आजीचं प्रत्येक संशोधन भाकरीपाशीच संपतं. भाकरीनं साखर वाढत नाही असं मात्र नाही हां. तिचाही हिशेब इन्सुलिनमध्ये धरावा लागतो.

आता त्या मावशीबाईंचं उत्तर. आकडे पुन्हा युरोप-अमेरिकेतले, आपल्याकडं हा आजार मुळातच त्यांच्यापेक्षा कमी. तिकडं साधारण ३०० मुलांत एकाला टाइप वन होतो. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर वीसात एकाच्या आसपास. बापाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता १०० मध्ये पाच-सहा. आईला असेल तर त्याहून कमी, दोन-तीन. हो, बापाकडून जास्त. हे आमच्या आत्याला अजून सांगितलेलं नाही. आणि माझं मूल म्हणजे भावाचं भाचरू, आणखी एक पायरी लांब. ज्यांना टाइप वन होतो त्यांतल्या दहातल्या जवळपास नऊ जणांच्या जवळच्या नात्यात हा आजार कुणालाच नसतो. म्हणजे त्या मावशींच्या घरात कुणाला नाही म्हणून त्यांचं नातवंड सुटलं, असंही नाही.

टाइप टू मात्र घराण्यात ठळक चालतो. आजोबा, काका, बाप सगळ्यांच्या खिशात गोळ्या, तरी त्या घरात स्थळं बघताना कुणी कप खाली ठेवत नाही.

"ताई, मग तू तपासणी केलीस का?" हे मला लॅबमधल्या मुलीपण विचारतात. एचएलएची नाही केली. उत्तर काहीही आलं तरी माझ्या रोजच्या जगण्यात काही बदलणार नव्हतं, आणि तो कागद उद्या कुणाच्या तरी हातात पडून माझ्याविरुद्ध वापरला गेला असता. ज्यांच्या घरात टाइप वनचं मूल आहे आणि धाकटी भावंडं आहेत, त्यांनी डॉक्टरांशी अँटिबॉडीबद्दल बोलावं. लहान मुलात अशा दोन किंवा जास्त अँटिबॉडी सापडल्या तर दहा वर्षांत बहुतेकांना आजार होतो हे दिसलंय. आधी कळलं तर धापा लागायच्या आधी इन्सुलिन सुरू करता येतं. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला परवानगी मिळाली, ते अशा टप्प्यावर दिलं तर आजार साधारण दोन वर्षं पुढं ढकलला जातो. महाग आहे, भयंकर महाग. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सुईशिवायची दोन वर्षं मिळणं काय असतं, ते आमच्या घरात विचारा.

आणि एक, हात जोडून. कुणी वैद्य, महाराज, यूट्यूबवाला म्हणाला की टाइप वन मुळापासून बरा करतो, इन्सुलिन बंद करा, तर तिथून उठून या. आमच्याकडंही एकजण आले होते पुड्या घेऊन. बाबांचं मन डळमळलं होतं, कारण तेव्हा इन्सुलिनचा खर्च झेपत नव्हता. आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, पुडी तुम्ही खावा, इंजेक्शन पोरगं घेईल. लोडशेडिंगच्या दिवसांत ती इन्सुलिनची बाटली ओल्या मडक्यात ठेवायची, वर ओलं फडकं, दर दोन तासांनी पाणी शिंपडायची. मे महिन्यात. चाकूरच्या.

हे सगळं वाचून झाल्यावर मी एका रविवारी आईला पत्ते काढून दाखवलं. खरंच पत्त्यांचा कॅट घेऊन बसले. हे बाबांचे दोन, हे तुझे दोन. वाटून दाखवले. तिनं परत वाटायला लावले. मग तिसऱ्यांदा तिनं स्वतः वाटले. बराच वेळ त्या पत्त्यांकडं बघत बसली आणि म्हणाली, "मंजे एकटीचं नव्हतं की."

ते स्थळ? नाही जमलं. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं, अजून कळवतायत.

भाऊ आलाय आज, तो बघा, शेवटच्या बाकावर, निळा शर्ट. आता वीस वर्षांचा आहे. मी बोलायला लागले की त्याची साखर वाढते असं त्याचं म्हणणं. काय रे, मीटर काढलंस का? किती आली? एकशे बेचाळीस? बरी आहे की.

चला, अजून दहा मिनिटं आहेत. विचारा काय विचारायचं ते. हां, तू बोल, माइक घे आधी.